फॉर्ममधले नाव टेबलापर्यंत कसे पोहोचते

सबमिशनला दोन दिवस उरलेले असतात. चौघांच्या ग्रुपने ग्रंथालयाचा प्रोजेक्ट घेतलेला असतो. एकाने पाने सजवलेली असतात, दुसरीने टेबले आखलेली असतात, तिसऱ्याने जर्नल टाइप करायला घेतलेले असते. लॉगिनचे पान उघडते, नव्या वाचकाच्या नोंदणीचा फॉर्म उघडतो, नाव भरून बटण दाबले जाते आणि टॉमकॅट या वेब सर्व्हरचे ते ओळखीचे पान समोर येते. वर निळी पट्टी, तिच्यात ‘एचटीटीपी स्टेटस ५००’ आणि खाली इंग्रजी ओळींचा ढीग. या ओळी वाचण्यासाठी असतात, हे बहुतेक मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

‘कनेक्शन होत नाही,’ एवढेच मग गाइडच्या कानावर जाते. पण कनेक्शन ही एक तार नाही. ब्राउझरकडून टॉमकॅटकडे, टॉमकॅटकडून सर्व्हलेट या जावा प्रोग्रॅमकडे, तिथून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून डेटाबेसच्या पोर्टकडे आणि पोर्टच्या आत खाते, डेटाबेस, टेबल अशी नावाची हातोहात रवानगी होत असते. यातला प्रत्येक हात अडला की वेगळ्या शब्दांत तक्रार करतो. ती तक्रार समजली की दोन दिवसांचे काम दहा मिनिटांवर येते. ओळींच्या त्या ढिगात ‘रूट कॉज’ किंवा ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि त्यांतली सर्वांत खालची आधी वाचावी. मूळ दुखणे बहुधा तिथे असते. वरच्या ओळी ते दुखणे कोणकोणाच्या हातून वर आले, एवढेच सांगतात.

महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत ‘अॅडव्हान्स्ड जावा प्रोग्रॅमिंग’ शिकणाऱ्या मुलांना जेडीबीसी आणि सर्व्हलेट ही दोन्ही प्रकरणे असतात. पण ती एकामागून एक शिकवली जातात, वेगवेगळ्या प्रॅक्टिकलमध्ये चालवली जातात आणि दोन्ही एकत्र येतात ती थेट प्रोजेक्टमध्ये. खरी अडचण या सांध्यावरच आहे.

जेडीबीसी म्हणजे काय, हे त्याच्या जन्मकाळाकडे पाहिले की नीट उमगते. एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकाने १९७० मध्ये माहिती ओळी-रकान्यांच्या संबंधांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. भाषा साधारण एकच राहिली, तरी प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसशी बोलण्याची यंत्रणा मात्र निराळी होती. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणून त्यावर एक तोडगा काढला, पण तो सी भाषेच्या वळणाचा होता. १९९५ मध्ये जावा आली ती एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर चालवण्याचे वचन देत. त्या वचनात डेटाबेसही बसवायचा तर जावाची स्वतःची व्यवस्था हवी होती. ती जेडीबीसीच्या रूपाने जेडीके १.१ बरोबर फेब्रुवारी १९९७ मध्ये मिळाली.

या व्यवस्थेची रचना सुरेख आहे. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने जावात फक्त करार लिहून ठेवले. ‘कनेक्शन’ काय काय करू शकेल, ‘स्टेटमेंट’ काय करेल, ‘रिझल्टसेट’मधून ओळी कशा वाचल्या जातील, हे सगळे जावात इंटरफेस म्हणून आहे. त्यामागचे प्रत्यक्ष काम जावात नाही. ते ज्याचा डेटाबेस, त्याने करायचे. मायएसक्यूएलने आपला ड्रायव्हर लिहिला, ऑरॅकलने आपला, पोस्टग्रेसने आपला. म्हणून ग्रंथालयाचा प्रोग्रॅम मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यायचा झाला तर ड्रायव्हरची जार फाइल आणि पत्त्याची ओळ बदलते, एसक्यूएलमध्ये थोडी डागडुजी करावी लागते, पण जावाचा बाकीचा मजकूर जवळपास तसाच राहतो.

याच सुरेख रचनेत मुलांचा पहिला मोठा गोंधळ दडलेला आहे. सर्व्हलेटमध्ये फक्त करारांची नावे येतात आणि ड्रायव्हरच्या क्लासचे नाव अवतरणचिन्हांत, साध्या मजकुरासारखे लिहिले जाते. त्यामुळे ड्रायव्हर यंत्रावर नसला तरी प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो. लाल रेघ येत नाही, सगळे ठीक दिसते. बटण दाबल्यावर मात्र ‘क्लास नॉट फाउंड’ किंवा ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ असे उत्तर येते.

जार फाइल तर आपण जोडली होती, असे ग्रुपमधली मुलगी म्हणते आणि ते खरेही असते. तिने एक्लिप्समध्ये बिल्ड पाथला जार जोडली. साधा मेन मेथडचा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तो चालला, वाचकांची यादी छापली गेली. तीच चार ओळींची जोडणी सर्व्हलेटमध्ये आणली आणि बंद पडली. कारण मेन मेथड एक्लिप्सच्या आधाराने धावते आणि बिल्ड पाथवरच्या सगळ्या जार तिला मिळतात. सर्व्हलेट धावते टॉमकॅटच्या घरात. टॉमकॅट आपल्या लिब फोल्डरात आणि त्या अॅप्लिकेशनच्या वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरात पाहतो. एक्लिप्सच्या बिल्ड पाथशी त्याला कर्तव्य नसते. जार फाइल उचलून वेब-इन्फच्या लिबमध्ये ठेवली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला, की हा अडथळा संपतो.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि तो समजावून घेण्यासारखा आहे. २००६ च्या जावा ६ पासून ‘क्लास डॉट फॉरनेम’ ही ड्रायव्हर उठवणारी ओळ लिहायची गरज उरली नाही, असे नवी पुस्तके सांगतात. जावा आपोआप ड्रायव्हर शोधून काढते. साध्या प्रोग्रॅमपुरते हे पूर्ण खरे आहे. पण टॉमकॅटमध्ये हा शोध टॉमकॅट सुरू होतानाच एकदा घेतला जातो आणि तेव्हा फक्त टॉमकॅटच्या सामायिक फोल्डरातल्या जार दिसतात. एखाद्या अॅप्लिकेशनच्या वेब-इन्फमध्ये ठेवलेला ड्रायव्हर त्या वेळी दृष्टीआड असतो. म्हणून वेब प्रोजेक्टमध्ये ती जुनी ओळ अजूनही लागते. जुने जर्नल आणि नवे पुस्तक दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या आहेत.

सगळ्याच जुन्या जर्नलांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे फिरणाऱ्या कितीतरी वह्यांत अजून जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज आणि मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसची जोडणी लिहिलेली सापडते. तो ब्रिज २०१४ च्या जावा ८ मधून काढूनच टाकला आहे. आजच्या जावावर ती ओळ कितीही वेळा लिहिली तरी चालणार नाही. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरच्या क्लासचे नावही आठव्या आवृत्तीत बदलले, मधे ‘सीजे’ ही दोन अक्षरे आली.

सर्वांत जास्त घोळ घातला तो जकार्ताने. तोवर सन विकत घेतलेल्या ऑरॅकलने २०१७ मध्ये जावाची मोठ्या उद्योगांसाठीची आवृत्ती, जिच्यात सर्व्हलेटही येतात, एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली करायचे ठरवले. ‘जावा’ हे नाव मात्र ऑरॅकलने स्वतःकडेच ठेवले. म्हणून २०१८ मध्ये त्या आवृत्तीचे नवे नाव पडले जकार्ता. जावा बेटावरचे हे शहर, त्यामुळे नाते कायम राहिले. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ९ पासून पॅकेजांची नावेही बदलली. जिथे ‘जावाएक्स’ होते तिथे ‘जकार्ता’ आले. टॉमकॅट ९ ला जुनी नावे कळतात, टॉमकॅट १० ला नवी. पुस्तक जुने आणि टॉमकॅट नवा असेल तर सर्व्हलेटच्या पहिल्या काही ओळीच लाल होतात. मग मुले एका झटक्यात सगळीकडे ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ करून टाकतात आणि आता डेटाबेसची बाजू मोडते. कारण ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ हे पॅकेज मूळ जावाचा भाग आहे, ते हस्तांतरणात गेलेच नाही. त्याचे नाव आजही तेच आहे.

ड्रायव्हर जागा झाला की त्याला पत्ता द्यायचा. मायएसक्यूएलसाठी त्या पत्त्यात आधी जेडीबीसी आणि मायएसक्यूएल ही दोन नावे, मग यंत्राचे नाव, मग पोर्टचा आकडा ३३०६ आणि शेवटी डेटाबेसचे नाव असते. पोस्टग्रेसचा आकडा ५४३२, ऑरॅकलचा १५२१. स्वतः टॉमकॅट ८०८० वर बसलेला असतो आणि त्याचा आणि डेटाबेसचा आकडा एकमेकांत मिसळण्याची चूक नेहमी होते. ब्राउझर ८०८० वर बोलतो, ड्रायव्हर ३३०६ वर. ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ असा शब्द आला तर ड्रायव्हर निघाला होता, पण दारावर कोणी भेटले नाही किंवा बोलणे मधेच तुटले, असा त्याचा अर्थ. बहुधा मायएसक्यूएल सुरूच केलेले नसते.

दार उघडल्यावर पहिले वाक्य सर्व्हर बोलतो. तो आपली आवृत्ती सांगतो आणि काही यादृच्छिक बाइट पाठवतो. ड्रायव्हर त्या बाइटांशी पासवर्डचे गणिती मिश्रण करून उत्तर देतो. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत उघडा पासवर्ड तारेवरून जात नाही. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८ ने ही पद्धत आणखी कडक केली. ‘पब्लिक की रिट्रिव्हल इज नॉट अलाउड’ हे अनेकांना कोड्यात टाकणारे वाक्य त्यातूनच येते. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली मागून घेण्याची परवानगी ड्रायव्हरला मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरच्या यंत्रावर पत्त्याच्या शेवटी ती परवानगी लिहिता येते. खऱ्या सर्व्हरवर मात्र सुरक्षित टीएलएस जोडणी वापरणेच योग्य.

‘अॅक्सेस डिनाइड’ हे वाक्य शेवटपर्यंत वाचावे. त्यात खात्याचे नाव असते, ते कोणत्या यंत्रावरून आले ते असते आणि टोकाला कंसात ‘युजिंग पासवर्ड’पुढे यस किंवा नो लिहिलेले असते. नो असेल तर पासवर्ड गेलाच नाही, म्हणजे प्रोग्रॅममध्ये ती जागा रिकामी आहे. यस असेल तर गेला, पण जुळला नाही. एका शब्दावरून निम्मा तपास होतो. एक्सॅम्प हे तयार पॅकेज वापरणाऱ्यांकडे रूटचा पासवर्ड मुळात रिकामा असतो, स्वतंत्र मायएसक्यूएल बसवणाऱ्यांनी तो बसवतानाच ठरवलेला असतो. ग्रुपमधल्या दोन लॅपटॉपवर एकच प्रोग्रॅम वेगळा वागतो तो अनेकदा एवढ्याच कारणाने. एक्सॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएल नसून मारियाडीबी असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांनी मायएसक्यूएलला आपल्या थोरल्या मुलीचे, मायचे नाव दिले होते. आधी सनने आणि मग सनलाच विकत घेणाऱ्या ऑरॅकलने ते मिळवले. विडेनियस यांनी २००९ मध्ये वेगळी शाखा काढली, तिला धाकट्या मारियाचे नाव आहे.

भारतीय मुलांच्या वाट्याला एक खास एरर आली. मायएसक्यूएलच्या आठव्या ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या विंडोजवर सर्व्हरचा टाइमझोन विचारत. सर्व्हर ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असे सांगे आणि ड्रायव्हरला ते नाव ओळखता येत नसे. पत्त्याच्या शेवटी ‘सर्व्हर टाइमझोन’ म्हणून आशिया आणि कोलकाता ही जोडी लिहिली की भागत असे. पुढच्या आवृत्त्यांत हा हट्ट गेला, पण जुनी जार कुठूनतरी उतरवली की तो आजही भेटतो.

जोडणी झाली. आता नाव टेबलात टाकायचे, आणि इथे गोव्याची किंवा वसईची एखादी मैत्रीण ग्रुपमध्ये असणे फार उपयोगाचे ठरते. डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ या अक्षरापाठोपाठ अपॉस्ट्रॉफी येते, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूणही तीच असते. मुलांनी क्वेरी लिहिलेली असते ती अधिकचिन्हे लावून, तुकडे जोडून: इन्सर्टचा तुकडा, मग फॉर्ममधले नाव, मग पुढचा तुकडा. पाटील, कांबळे, शेख, जाधव सगळे सुखरूप टेबलात जातात. डिसोझा आली की सर्व्हर ‘डी’ या एका अक्षरालाच नाव समजतो, उरलेले ‘सोझा’ त्याला हुकूम वाटते आणि तो सिंटॅक्स चुकल्याची तक्रार करतो.

काही ग्रुप यावर फॉर्ममध्ये अपॉस्ट्रॉफी टाकायला मनाई करतात. हे चुकीचे आहे. एका मुलीचे आडनाव तिला नीट लिहू न देणारा फॉर्म हा फॉर्म बनवणाऱ्याचा दोष आहे, आडनावाचा नाही. शिवाय त्यामागचा धोका तसाच राहतो. आडनाव नकळत क्वेरी मोडू शकते, तर जाणूनबुजून लिहिलेला मजकूर ती हवी तशी वळवू शकतो. लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या जागी कोणी अपॉस्ट्रॉफीने सुरू होणारा असा तुकडा लिहिला की ज्याचा अर्थ ‘किंवा एक बरोबर एक’ असा होतो, तर ती अट प्रत्येक ओळीला लागू पडते आणि पासवर्ड माहीत नसताना दार उघडते. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ मध्ये त्याचे जाहीर वर्णन झाले, तरी त्यानंतरही कितीतरी कंपन्या त्याला बळी पडल्या. रॉकयू या कंपनीतून २००९ मध्ये असेच तीन कोटी वीस लाख पासवर्ड गेले आणि ते साध्या मजकुरात साठवलेले होते. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून २०१५ मध्ये दीड लाखाहून अधिक ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. तिला पुढच्या वर्षी चार लाख पौंडांचा दंड झाला.

उपाय जेडीबीसीत पहिल्या दिवसापासून आहे. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’मध्ये क्वेरी आधी पूर्ण लिहायची, किमतींच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवायची आणि मग कोणत्या प्रश्नचिन्हासाठी कोणती किंमत हे वेगळे सांगायचे. किंमत ही किंमतच राहते, तिचा हुकूम होऊ न देण्याची जबाबदारी ड्रायव्हर घेतो. डिसोझा जशीच्या तशी टेबलात जाते आणि ‘किंवा एक बरोबर एक’ हा एक निरुपद्रवी, चुकीचा पासवर्ड ठरतो. प्रश्नचिन्हांची मोजणी एकपासून सुरू होते, जावाच्या अॅरेसारखी शून्यापासून नाही. टेबलाच्या किंवा रकान्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही. आणि एक चूक अगदी हमखास दिसते: स्टेटमेंट तयार करताना क्वेरी देऊन झाल्यावर ते चालवतानाही मुले तीच क्वेरी पुन्हा कंसात घालतात. मग किंमत न भरलेली प्रश्नचिन्हे तशीच सर्व्हरकडे जातात आणि सिंटॅक्सची तक्रार परत येते. चालवताना कंस रिकामा ठेवायचा.

पासवर्डाविषयीही इथेच बोलायला हवे. वाचकाचा पासवर्ड टेबलात जसाच्या तसा ठेवणे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही योग्य नाही. १९९९ पासून उपलब्ध असलेली बीक्रिप्ट ही पद्धत त्यासाठी जावात सहज वापरता येते. ती पासवर्डाचे असे रूप साठवते की ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही, आणि तपासणी मुद्दाम संथ करते, म्हणजे चोराला लाखो अंदाज झटपट करून पाहता येत नाहीत. परीक्षेत याला किती गुण मिळतात हा प्रश्न गौण आहे. मुले आपल्या खऱ्या ईमेलचे पासवर्डच चाचणीसाठी टाकतात आणि तीच फाइल पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते.

वाचताना होणाऱ्या चुका त्यामानाने लहान आहेत. उत्तरात आलेल्या ओळींवरचा काटा सुरुवातीला पहिल्या ओळीच्या अलीकडे उभा असतो, त्याला ‘नेक्स्ट’ म्हणून पुढे न्यावे लागते. इन्सर्ट-अपडेटसाठी ‘एक्झिक्यूट अपडेट’ वापरायचे, सिलेक्टसाठी ‘एक्झिक्यूट क्वेरी’. यातले काही चुकले तर एररचे वाक्यच कारण सांगते.

पण एरर दिसली तर. सगळ्यात जास्त वेळ खाते ती चूक म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. कंपायलर कॅच मागतो म्हणून मुले तो लिहितात आणि आत काहीच लिहीत नाहीत. मग बटण दाबल्यावर कोरे पान येते, ५०० सुद्धा येत नाही, टेबलात ओळ नाही आणि तक्रार कुठेच नाही. सांगणारा होता, त्याचे तोंड आपणच बंद केले. निदान एरर लॉगमध्ये छापली गेलीच पाहिजे.

मराठी नाव टाकले की नवा अध्याय सुरू होतो. फॉर्ममध्ये ‘मराठी’ लिहिले आणि टेबलात पाच प्रश्नचिन्हे दिसली. किंवा डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा येणारी विचित्र रांग दिसली. ही दोन लक्षणे वेगळ्या आजारांची आहेत. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच खुणा आहेत: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. टॉमकॅट ९ पर्यंत फॉर्ममधून आलेले बाइट, वेगळे काही सांगितले नाही तर, पश्चिम युरोपच्या जुन्या लिपिसंचाप्रमाणे एकेक करून वाचले जातात. पंधरा बाइटांची पंधरा अक्षरे होतात आणि प्रत्येक त्रिकूट त्याच ‘ए’ने सुरू होते. सर्व्हलेटमध्ये पहिला पॅरामीटर वाचण्याच्या आधी यूटीएफ-८ ची सूचना दिली की हे थांबते. एक पॅरामीटर वाचून झाल्यावर दिलेल्या सूचनेचा उपयोग होत नाही. यात बाइट शाबूत असतात, बिघडते ते फक्त वाचन. पाच प्रश्नचिन्हांचे तसे नाही. तिथे अक्षरे नीट ओळखली गेली होती, पण टेबलाच्या रकान्याला देवनागरी सामावत नव्हती. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत टेबले मुळात लॅटिन संचाची बनत आणि न मावणाऱ्या प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवले जाई. सर्व्हर कडक पद्धतीने चालत असेल तर ओळ नाकारलीच जाते. प्रश्नचिन्हे झालेले नाव परत मिळत नाही.

मायएसक्यूएलमधल्या ‘यूटीएफएट’ या नावानेही बरीच फसगत केली आहे. तो संच एका खुणेला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात काठोकाठ मावते, म्हणून मराठी प्रोजेक्ट त्यावर चालतात आणि कोणाला शंका येत नाही. पण मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली ती चार बाइटांच्या प्रदेशात. एखाद्या ग्रुपने मोडी दस्तांची सूची करायला घेतली तर तोच संच पहिल्या अक्षरालाच नकार देतो. इमोजीचेही तेच. चार बाइटांचा ‘यूटीएफएट एमबीफोर’ हा संच २०१० पासून आहे आणि मायएसक्यूएल ८ मध्ये तोच मुळात लागू असतो. नवे टेबल करताना दुसरा कोणताही निवडायचे कारण उरलेले नाही.

पुस्तक देण्याघेण्याची नोंद हे ग्रंथालयाच्या प्रोजेक्टचे काळीज. एक पुस्तक दिले की दोन गोष्टी घडायला हव्यात: देवघेवीच्या टेबलात एक ओळ वाढायची आणि शिल्लक प्रतींतून एक कमी व्हायची. पहिली झाली आणि दुसरीच्या आधी वीज गेली तर हिशेब कायमचा चुकला. म्हणून ‘ऑटो कमिट’ बंद करून दोन्ही कामे एकत्र बांधायची आणि शेवटी कमिट करायचे, मधे काही बिनसले तर रोलबॅक. शेवटची प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली तर काय, हा प्रश्न एक्स्टर्नल परीक्षकाने विचारावा इतका चांगला आहे. आधी शिल्लक वाचून मग कमी करणारा प्रोग्रॅम तिथे फसतो, कारण दोघांनाही एक प्रत शिल्लक दिसलेली असते. ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर’ अशी अट अपडेटमध्येच घातली, की ‘एक्झिक्यूट अपडेट’ किती ओळी बदलल्या तो आकडा परत देते. एक आला तर पुस्तक मिळाले. शून्य आला तर दुसऱ्याने आधी नेले.

एकाच वेळी दोघे, हा विचार सर्व्हलेटमध्ये कायम ठेवावा लागतो. टॉमकॅट एका सर्व्हलेटची सहसा एकच वस्तू बनवतो आणि येणारी सगळी माणसे वेगवेगळ्या थ्रेडमधून तिच्याकडेच जातात. काही मुले कनेक्शन एकदाच उघडून सर्व्हलेटच्या फील्डमध्ये ठेवून देतात. चाचणी घेणारा एकटा असतो तोवर ते छान चालते. दोघे आले की एकाच्या कमिटमध्ये दुसऱ्याचे अर्धवट काम पक्के होते. आणि तो ग्रुप रात्री सगळे चालवून, टॉमकॅट तसाच सुरू ठेवून झोपला, तर सकाळी पहिल्याच क्लिकला ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ दिसते. रात्रीत कोणी काही बदललेले नसते. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, आपणहून बंद करते.

दुसऱ्या टोकाला प्रत्येक क्लिकला नवे कनेक्शन उघडणारे असतात. त्यात बिघाड असा नाही, पण बंद करायचे राहिले तर तेही लवकरच अडते. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्या देते, त्यानंतर ‘टू मेनी कनेक्शन्स’. पुण्यात पूर्वी तासावर सायकली भाड्याने देणारी दुकाने होती. दुकानात ठरावीक सायकली असत. न्यायची, काम करायचे, परत आणून लावायची. कनेक्शन पूल असाच चालतो. आठ-दहा कनेक्शन उघडी ठेवलेली असतात, सर्व्हलेट एक मागते, वापरते आणि ‘क्लोज’ म्हणते, तेव्हा ते तुटत नाही, पुलात परत जाते. परत न केलेली प्रत्येक सायकल दुकानातली एक कमी करते. २०११ च्या जावा ७ मधली ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ ही रचना वापरली की एरर आली तरी परतफेड विसरत नाही. कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायलाही पुलाला सांगता येते. मग आठ तासांची अडचणही उरत नाही.

टॉमकॅटमध्ये असा पूल आयताच आहे. तो मेटा-इन्फ फोल्डरातल्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. पत्ता, खाते, पासवर्ड, जास्तीत जास्त किती कनेक्शन हे सगळे तिथे, आणि सर्व्हलेटने फक्त नावाने ‘डेटासोर्स’ मागायचा. हा पूल टॉमकॅट स्वतः बनवतो, त्यामुळे ड्रायव्हरची जार वेब-इन्फमध्ये न ठेवता टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमध्ये ठेवावी लागते. खाते रूटचे नको. ग्रंथालयाच्या एका डेटाबेसपुरते अधिकार असलेले वेगळे खाते दोन ओळींत बनते, आणि कुठे चूक राहिली तरी नुकसान त्या एका डेटाबेसपाशी थांबते.

पत्ता आणि पासवर्ड कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये ठेवण्याचा खरा फायदा कळतो तो प्रोजेक्ट लॅबमधल्या यंत्रावर नेताना. घरी विंडोज असते, लॅबमध्ये पुष्कळदा उबुंटू. जावा दोन्हीकडे सारखी धावते, पण मायएसक्यूएल विंडोजवर टेबलाच्या नावातली मोठी-लहान रोमन अक्षरे एकच मानते आणि लिनक्सवर वेगळी. घरी चाललेली क्वेरी तिथे ‘टेबल अस्तित्वात नाही’ म्हणते. टेबलांची नावे पहिल्यापासून लहान अक्षरांत ठेवली तर हे टळते. डेटाबेस न्यायचा तो ‘मायएसक्यूएल डंप’ने काढलेल्या एका मजकूर फाइलमधून. तिच्यात टेबले बनवण्याचे आणि ओळी भरण्याचे सगळे हुकूम क्रमाने लिहिलेले असतात आणि ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. निघण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी: मराठी नावे नीट आहेत का, डिसोझांची अपॉस्ट्रॉफी जागेवर आहे का. लॅबमध्ये पोहोचल्यावर ती फाइल चढवायची, कॉन्टेक्स्टमधला पासवर्ड तिथल्याप्रमाणे बदलायचा, टॉमकॅट सुरू करायचा. जावाची एकही फाइल उघडावी लागत नाही.